एक वर्ष कुणाच्या हाताखाली?

तलासरी तालुक्यातलं झाई हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं उत्तरेकडचं शेवटचं गाव. पलीकडे उंबरगाव. 1960 पर्यंत तेही ठाणे जिल्ह्यातच होतं. राज्यं वेगळी झाली आणि सीमा झाईच्या उशाशी आली. किनाऱ्याला मांगेला मच्छीमारांची घरं, आत वारली पाडे, चिकूच्या वाड्या. इथला माणूस दिवसभरात मांगेली किंवा वारली, मराठी, गुजराती आणि हिंदी अशा भाषांतून सहज ये-जा करतो. अशा माणसाच्या अंगावरून वारं गेलं, म्हणजे पक्षाघात झाला, आणि त्याचं बोलणं-गिळणं अडलं, तर त्याला हात देणारा स्पीच थेरपिस्ट कुठून यायचा? पदवीनंतर त्या थेरपिस्टने आणखी किती शिकायचं, कुणाच्या देखरेखीखाली, आणि कुठे?

या प्रश्नाला दोन बाजू आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. म्हणून हा संवाद. यातले मामा आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले. भाची स्पीच थेरपीची पदवी आणि इंटर्नशिप नुकतीच संपवून घरी आलेली. दोन्ही पात्रं कल्पित आहेत. त्यांच्या तोंडच्या अभ्यासांचे आणि कायद्यांचे तपशील मात्र खरे आहेत, आणि मतभेदही खरा आहे.

मामा : पदवी मिळाली, इंटर्नशिप झाली, भारतीय पुनर्वसन परिषदेत नाव लागलं. आता आणखी एक वर्ष कसलं मागतेस, बाय? इथे माणसं खाटेवर पडून आहेत.

भाची : नाव लागलं म्हणजे कायद्याची परवानगी मिळाली, मामा. हात तयार झाला असं नाही. तीन वर्षं अभ्यास, चौथं वर्ष इंटर्नशिप. त्यात माझ्यासमोर आली ती बहुतेक लहान मुलं. उशिरा बोलणारी, ऐकू न येणारी, तोतरी, टाळू फाटलेली. मोठी माणसं यायची ती कान तपासायला. पक्षाघाताचे रुग्ण मी पाहिले ते सरांच्या मागे उभी राहून. निर्णय सर घ्यायचे, मी वहीत लिहायची.

मामा : लिहिलंस ना? मग तेच इथे करायचं.

भाची : इथेच अडतं. चार रुग्ण समोर ठेवा. एकाला सगळं समजतं, पण शब्द बाहेर येत नाही. दुसरा धडाधड बोलतो, पण त्या बोलण्याचा अर्थ लागत नाही, आणि आपलं काही चुकतंय हे त्याला कळतही नाही. तिसऱ्याची भाषा शाबूत असते, ओठ-जीभ लुळी पडल्याने उच्चार ओघळतात. चौथ्याच्या स्नायूंत ताकद असते, पण ते कोणत्या क्रमाने हलवायचे हे मेंदूला जमत नाही. घरचे चौघांबद्दल एकच सांगतात, ‘वाचा गेली’. उपचार मात्र चौघांचे चार. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी यातला पहिला प्रकार 1861 मध्ये मांडला, जर्मनीत कार्ल व्हेर्निके यांनी दुसरा 1874 मध्ये. दीडशे वर्षांची ही ओळख मी परीक्षेत लिहून आले. पण खाटेशेजारी, घरातली दहा माणसं भोवती असताना, ती पटवता येणं निराळं. ते जाणत्या माणसाच्या नजरेखालीच येतं.

मामा : आणि ती नजर मुंबईतच असते?

भाची : सध्या तरी बरीचशी तिथेच आहे. नायर रुग्णालयातली वाचा-श्रवण शाळा 1966 पासूनची, वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983 ची, हाजी अलीची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था 1955 ची. अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण संपल्यावरही थेट एकट्याने काम करता येत नाही. तिथल्या व्यावसायिक संघटनेचं प्रमाणपत्र हवं तर आधी ‘क्लिनिकल फेलोशिप’ करावी लागते. कमीत कमी 36 आठवडे, 1260 तास, आणि त्यातला ऐंशी टक्के वेळ प्रत्यक्ष रुग्णांच्या कामात. एक अनुभवी मार्गदर्शक ठरवून दिलेला असतो. त्याने फेलोचं काम किमान 18 तास समोर बसून पाहायचं आणि आणखी 18 तास नोंदी, अहवाल, चर्चा यांतून तपासायचं. वर्षाचे तीन भाग करून प्रत्येक भागाच्या शेवटी कौशल्यं जोखायची. आपल्याकडे असं सक्तीचं वर्ष नाही. पदवीचा कागद हाती पडला की आम्ही एकट्याने दवाखाना टाकायला मोकळे. ही मोकळीक मला नको आहे.

मामा : तुझा प्रामाणिकपणा मला कळतो. पण मी नोकरीत असताना काय पाहिलं ते ऐक. एका खलाशाला शहरातल्या रुग्णालयातून घरी आणलं. नाकात नळी. कागदावर ‘आहार नळीवाटे’ एवढंच. नळी कधी काढायची, काढल्यावर काय भरवायचं, कुणाला विचारायचं, काही नाही. नळी एक दिवस निघून आली. घरच्यांना वाटलं, बरं झालं, आता तोंडाने खाईल. बायको पेज पाजायला लागली. चार दिवसांत ताप भरला, छाती घरघरायला लागली. माणूस गेला. त्या बाईला चार वाक्यं सांगणारं कुणी असतं, तर? तुझी 1260 तासांची फेलोशिप तिला नको होती. चार वाक्यं हवी होती.

भाची : कोणती चार वाक्यं, मामा?

मामा : बसवून भरव. थोडं थोडं दे. ठसका लागला की थांब. ताप आला तर दवाखान्यात आण.

भाची : चारही बरोबर. तोंड रोज स्वच्छ कर, हे पाचवं त्यात घाला, कारण तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होतो. पण तिसऱ्या वाक्यावर माणूस सोडू नका. पक्षाघातात घशाची संवेदनाच जाऊ शकते. पेज श्वासनलिकेत उतरते आणि ठसका लागतच नाही. घरच्यांना वाटतं, छान गिळतोय. खाटेजवळ उभं राहून केलेल्या तपासणीत मुरलेल्या थेरपिस्टलाही हे हमखास पकडता येत नाही. त्यासाठी बेरियम मिसळलेला घास देऊन गिळण्याचं चलत्-क्ष-किरण चित्रण करतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात. दुर्बिणीची ही पद्धत 1988 मध्ये सुझन लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. आणखी एक. ‘हनुवटी छातीकडे झुकवून गीळ’ हा सल्ला सर्रास दिला जातो. एकाला तो वाचवतो, दुसऱ्याला त्याचा काही उपयोग होत नाही, तिसऱ्याचा घास त्याने तोंडातूनच सांडतो. कोणाला काय, हे अशी पुष्कळ चित्रणं मार्गदर्शकाबरोबर बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. तुमच्या तांडेलाने कधी पहिल्या मोसमातच नव्या पोराच्या हाती सुकाणू देऊन बोट खोल पाण्यात सोडली आहे?

मामा : नाही सोडली. पण तो पोर शिकतो ते बोटीवर, बंदरावरच्या शाळेत नाही. आता मला सांग, तुझी ती यंत्रं तलासरीत कधी येतील? ती येईपर्यंत हात बांधून बसायचं?

भाची : हात बांधून नाही. काही गोष्टी यंत्राशिवायही नेमक्या करता येतात. खाणं-पिणं किती दाट आहे ते मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, शून्य ते सात पायऱ्यांची. पेयांसाठी त्यातल्या शून्य ते चार. मोजायला दहा मिलीलिटरची ठरावीक मापाची साधी सिरिंज लागते. ती पेयाने भरायची, खालचं तोंड दहा सेकंद मोकळं सोडायचं, आणि किती उरलं ते पाहायचं. एक मिलीलिटरपेक्षा कमी उरलं तर पाण्यासारखं पातळ. एक ते चार उरलं तर पहिली पायरी, चार ते आठ दुसरी, आठच्या वर तिसरी. नाचणीची आंबील, तांदळाची पेज, डाळीचं पाणी, सगळं असं मोजता येतं.

मामा : हे तर आशाताई ओसरीवर बसून करील.

भाची : करील, आणि चांगलं करील. पण कुणाला कितवी पायरी द्यायची, हा निर्णय मोजमापातून निघत नाही. भीतीपोटी सगळ्यांनाच दाट दिलं, तर माणूस पाणी कमी पितो, तोंड कोरडं पडतं, लघवी कमी होते, तो आणखी सुकतो. दाट द्यायचं, पातळ द्यायचं, की काही दिवस तोंडाने काहीच द्यायचं नाही, हे ठरवायला जाणता माणूस लागतो. तुमच्या त्या खलाशाची गोष्ट मला उलटी ऐकू येते. डिस्चार्ज देताना त्याचं गिळणं तपासायला तयार माणूस तिथे असता, तर नळीबद्दलच्या सूचना कागदावर आल्या असत्या.

मामा : म्हणजे एकाच मरणातून तू एक धडा काढतेस आणि मी दुसरा. ठीक. मग आपण मोठा हिशोब बघू. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने 86 गावांतले मृत्यू दोन वर्षं तपासले. 2015 मध्ये ते छापून आलं. दर सात मृत्यूंमागे साधारण एक पक्षाघाताचा, आणि बहुतेकांनी प्राण सोडला तो घरीच. आदिवासी, ग्रामीण महाराष्ट्राचं हे चित्र आहे. आपल्या वारली पाड्यांवर ते फार निराळं असेल असं मला वाटत नाही. जिथे माणूस घरीच पडतो आणि घरीच मरतो, तिथे घरच्यांना आणि आशाताईंना शिकवायचं सोडून एका मुलीला आणखी वर्षभर मुंबईत ठेवायचं, हे मला पटत नाही.

भाची : घरच्यांवर सगळं सोपवून पाहिलंय, मामा. ‘अटेंड’ नावाची चाचणी भारतातच झाली, 14 केंद्रांत, 1250 रुग्णांवर. नातेवाइकांना रुग्णालयात व्यायाम आणि काळजी शिकवली आणि घरी ते चालू ठेवायला सांगितलं. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन या गटात आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात सारखंच होतं. चाचणी एकूण पुनर्वसनाची होती, फक्त बोलण्याची नव्हे, हे मान्य. पण घरचे शिकले की काम झालं, या समजाला तिने धक्का दिला.

मामा : आणि तूच मला टोरांटोचा अभ्यास वाचून दाखवला होतास. तो आता का लपवतेस?

भाची : लपवत नाही. ऑरा कॅगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 2001 चा. मेंदूच्या इजेने ज्यांची भाषा अडली, म्हणजे ज्यांना वाचाघात झाला, त्यांच्याशी कसं बोलायचं हे साध्या स्वयंसेवकांना शिकवलं. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, मुख्य शब्द कागदावर लिहायचा, चित्र दाखवायचं, उत्तराला वेळ द्यायचा, समजलं ते परत विचारून खात्री करायची. शिकवलं स्वयंसेवकांना, तरी संभाषण रुग्णांचंही सुधारलं. म्हणजे बोलण्याच्या बाबतीत घरचा माणूस फार मोठी गोष्ट करू शकतो. मी तुमच्याशी यावर भांडत नाही. पण त्या स्वयंसेवकांना शिकवणारी माणसं या कामात मुरलेली होती. आशाताईंना शिकवायचं असेल, तर आधी मला ते नीट यायला हवं.

मामा : बरं. आता माझा खरा मुद्दा ऐक, तो भाषेचा आहे. आपल्या गावातला माणूस घे. घरात मांगेली बोलला, शाळेत चार इयत्ता मराठी शिकला, उमेदीची वर्षं पोरबंदर-ओख्याच्या बोटींवर गुजरातीत काढली, बाजारात हिंदी. त्याच्या अंगावरून वारं गेलं. मुंबईच्या संस्थेत त्याला पुस्तकी मराठीतली चित्रं दाखवून नावं विचारणार. त्याला आली नाहीत तर आकडा कमी. डोल, सुकाणू, घोळ, मांदेली, करंदी ही नावं त्याच्या जिभेवर आयुष्यभर होती, ती तुझ्या वहीत नाहीत. वारली बाईचं तर विचारूच नको. एक वर्ष तिथे शिकशील आणि इथे येऊन आमच्या माणसालाच चुकीचा मापशील.

भाची : या मुद्द्यावर मी निरुत्तर आहे, मामा. यात तुम्ही बरोबर आहात. अनेक भाषा येणाऱ्याला वाचाघात झाला तर कोणती भाषा आधी परतते, यावर फ्रान्समध्ये जुना वाद आहे. रिबो यांनी 1881 मध्ये म्हटलं, आधी शिकलेली टिकते. पित्र यांनी 1895 मध्ये म्हटलं, आजाराआधी जास्त वापरात होती ती परतते. पुढे दोन्हींना अपवाद सापडले. म्हणून मिशेल पारादी यांनी 1987 मध्ये अनेक भाषांत एकसारखी मोजता येईल अशी चाचणी मांडली. त्यातून तत्त्व मिळालं की रुग्णाच्या प्रत्येक भाषेत तपासल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही. मांगेलीत तपासायचं तर मांगेली घरात बसूनच तपासावं लागेल.

मामा : आणि अनेक भाषा असणं हे ओझं नाही ना? घरचे मला विचारायचे, आता याच्याशी एकच भाषा बोलायची का?

भाची : मुळीच नाही. हैदराबादला सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी पक्षाघात झालेले 608 रुग्ण अभ्यासले. 2016 मध्ये निष्कर्ष आले. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांपैकी सुमारे 40 टक्के लोकांची आकलनशक्ती पक्षाघातानंतरही शाबूत होती. एकभाषकांत हे प्रमाण सुमारे 20 टक्के. वाचाघाताचं प्रमाण दोघांत सारखंच होतं, पण बाकीची बुद्धी अनेकभाषकांची जास्त सावरली. घरच्यांना एवढंच सांगायचं की त्याच्याशी ज्या भाषेत आयुष्यभर बोललात त्याच भाषेत बोला.

मामा : मग हे सगळं शिकायची जागा झाई, मुंबई नाही. ताराबाई मोडक आठव. 1945 मध्ये त्या बोर्डीला आल्या, इथून हाकेच्या अंतरावर. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पुढे 1957 ला काम कोसबाडला गेलं, वारली मुलांमध्ये. अंगणवाडी ही कल्पना या मातीत रुजली. मुंबईत बसून ती सुचली नसती.

भाची : ताराबाई बोर्डीला येण्याआधी कुठे होत्या, मामा? 1923 पासून जवळजवळ नऊ वर्षं भावनगरला, दक्षिणामूर्तीत, गिजुभाई बधेकांबरोबर. बालशिक्षणाचं शास्त्र त्या तिथे हाताने करून शिकल्या. अंगणात शाळा नेण्याचं धाडस त्या तयारीवर उभं होतं. मी फक्त एक वर्ष मागते आहे.

मामा : ताराबाईंचं भावनगर तू सांगितलंस, मग अनुताई वाघांचंही सांग. त्या भावनगरला गेल्या नाहीत. पुण्यात शिक्षिका होत्या, 1945 मध्ये बोर्डीला आल्या आणि ताराबाईंच्या हाताखाली, या पाड्यांवरच तयार झाल्या. 1973 मध्ये ताराबाई गेल्यावर ते काम त्यांनीच पुढे नेलं. मार्गदर्शक जिथे येऊन राहतो, तिथे शिकणारा तयार होतो. तुझा मार्गदर्शक इथे येत नाही म्हणून तुला तिकडे जावं लागतं. दोष झाईचा नाही.

भाची : हे मला मान्य आहे. तर मग वर्ष कुठे काढायचं यापेक्षा मार्गदर्शक कुठे येणार, हा प्रश्न मोठा ठरतो.

मामा : आणि त्याच्या पुढचा प्रश्न नोकरीचा. वर्ष करून आलीस, तर बसशील कुठे? लहान मुलांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2013 मध्ये आला. त्यातल्या जिल्हा केंद्रात वाचा-उपचारतज्ज्ञाची जागा धरलेली आहे, पण ती अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. बहिरेपणाचा कार्यक्रम 2007 चा, तो कानांसाठी. असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम 2010 पासून पक्षाघाताचं नाव घेतो, पण त्याचा भर रक्तदाब आणि साखर तपासण्यावर. पन्नाशीच्या माणसाची वाचा गेली तर तो या तिन्हींच्या मधल्या फटीत पडतो.

भाची : कायद्यात मात्र तो पडलेला नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यांत ‘वाचा आणि भाषा दिव्यांगत्व’ आहे आणि व्याख्येत वाचाघाताचा नावानिशी उल्लेख आहे. वाचाघात कायमचा राहिला तर त्या माणसाला प्रमाणपत्राचा हक्क आहे.

मामा : प्रमाणपत्राने बोलणं परत येत नाही.

भाची : नाही येत. बोलणं येतं ते भरपूर सरावाने. जर्मनीतला 156 रुग्णांचा अभ्यास 2017 चा आहे. वाचाघाताला सहा महिने उलटून गेलेली माणसं. त्यांना किमान तीन आठवडे, दर आठवड्याला दहा किंवा जास्त तास उपचार दिले आणि वर स्वतःचा सरावही करून घेतला. त्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. ‘सहा महिने झाले, आता काही होणार नाही’ हे सांगून माणसं घरी पाठवली जातात, ते चूक आहे. पण आठवड्याला दहा तास मी एकटी पूर्ण तालुक्याला देऊ शकत नाही. तिथे तुमच्या आशाताई आणि घरची माणसं लागतीलच.

मामा : म्हणजे तुला मी लागतो आणि मला तू लागतेस. मग वर्षाची आखणी सांग.

भाची : पहिले सहा महिने मोठ्या रुग्णालयात. मेंदूविकाराच्या वॉर्डात, गिळण्याच्या चित्रणाजवळ, अतिदक्षता विभागात. पुढचे सहा महिने इथे. आठवड्यातले ठरलेले दिवस तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात आणि डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात, उरलेले घरोघर. मार्गदर्शकाने आठवड्यातून एकदा व्हिडिओवर माझे रुग्ण पाहायचे आणि महिन्यातून एकदा स्वतः यायचं. गिळण्याचा नवा रुग्ण असेल तर मार्गदर्शकाशी बोलल्याशिवाय नळी काढण्याचा सल्ला मी द्यायचा नाही. शंका वाटली तर रुग्णाला चित्रणासाठी पाठवायचं, आणि त्या प्रवासाचा खर्च त्याच्या खिशातून जाता कामा नये.

मामा : सहा महिने तिकडे जास्त होतात. तीन पुरे. उरलेले नऊ इथे. इथल्या लोकांच्या सवयी, भगताकडे आधी जाणं, मोसमात बोटीवर गेलेला कर्ता मुलगा, हे समजायलाच सहा महिने जातात.

भाची : तीन महिन्यांत गिळण्याची तपासणी हातात बसत नाही, मामा. यावर मी मागे हटणार नाही.

मामा : आणि मी तीनच्या वर जाणार नाही. पण एक बघ. एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावंच लागतं. वैद्यकीय आयोगाने ते सक्तीचं केलं. डॉक्टरांना शिक्षणातच जिल्ह्यात पाठवता येतं, तर तुम्हाला का नाही?

भाची : पाठवता येतं. विद्यावेतन दिलं, राहायची सोय केली आणि वर्षानंतर बसायला पद ठेवलं, तर माझ्यासारख्या कितीतरी मुली येतील. नुसती सक्ती केली तर वर्ष संपलं की निघून जातील.

मामा : पदाचं तू लिहून दे. मी ग्रामसभेत मांडतो.

सहा की तीन, यावर त्यांचं जमलं नाही, आणि ते जमलंच पाहिजे असंही नाही. माझं मत भाचीच्या मागणीकडे झुकतं आणि मामांच्या अटीवर थांबतं. प्रौढांच्या मेंदूविकारानंतरच्या पुनर्वसनासाठी देखरेखीचं एक वर्ष हवंच. गिळण्याच्या बाबतीत कच्चा हात जीव घेऊ शकतो. पण ते सगळं वर्ष महानगरात काढलं, तर तयार होणारी माणसं महानगरालाच उपयोगी पडतील, आणि मांगेली किंवा वारली बोलणाऱ्याची वाचा ओळखणारं कुणी तयार होणार नाही. म्हणून वर्षाचा मोठा भाग डहाणू-तलासरीसारख्या तालुक्यांत गेला पाहिजे, आणि मार्गदर्शकाने तिथे येणं हे त्याच्या कामाचंच अंग मानलं पाहिजे. भारतीय पुनर्वसन परिषद, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि राज्याचा आरोग्य विभाग यांनी मिळून अशी फेलोशिप सुरू करावी. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात प्रौढ रुग्णांसाठी वाचा-उपचारतज्ज्ञाचं एक पद निर्माण करावं. पदाशिवाय फेलोशिप देणं म्हणजे मुलींना शिकवून परगावी धाडणं होय.

हे होईपर्यंत वाचकांच्या हातातही काही गोष्टी आहेत. घरातल्या माणसाला पक्षाघात झाला, तर गुंगीत असताना त्याच्या तोंडात पाणी घालू नका. डिस्चार्जच्या वेळी तीन गोष्टी विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या: गिळणं कुणी तपासलं, नळी कधी आणि कुणी काढायची, बोलण्याचे उपचार कुठे मिळतील. बोलता येत नाही म्हणून त्याला समजत नाही, असं धरून त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलू नका. त्याच्याशी त्याच्याच भाषेत, सावकाश बोला आणि उत्तराला वेळ द्या. आणि सहा महिने उलटले म्हणून उपचार सोडू नका.